मध्ययुगीन इंग्लंडमध्ये खोटा आळ आला, तर दाद कुठे मागायची?

बखरवाचक (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर वाद चालू असताना एकाने ठोकून दिलं की मध्ययुगात आळ आला की माणूस संपला, दाद-फिर्याद हे सगळं आजचं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. बोलतोय ते इंग्लंडपुरतं, कारण तिथली दप्तरं शाबूत आहेत आणि माझं वाचनही तेवढंच.

आधी एक खटला. लंडन, १३८२. पोल्ट्री भागातल्या सेंट मिल्ड्रेड पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, मॅटिल्डा दे आय नावाच्या बाईच्या घरून एक लाकडी प्याला चोरीला गेला. या प्याल्यांना मेझर म्हणत, आणि चांगल्या मेझरला चांदीची कडही असे, त्यामुळे किरकोळ वस्तू नव्हे. चोर शोधून देतो म्हणत रॉबर्ट बेरवोल्ड नावाचा इसम पुढे आला. त्याने एक पाव घेतला, वर मधोमध लाकडी खुंटी ठोकली, चार बाजूंनी चार सुऱ्या खुपसल्या, क्रूसासारख्या. मग मंत्रतंत्र करून नाव जाहीर केलं: जोहाना वुल्सी.

जोहाना मुसमुसत घरी बसली नाही. प्रकरण मेयर आणि आल्डरमन, म्हणजे शहराचा कारभार पाहणाऱ्या, मंडळींपुढे गेलं आणि रॉबर्टची लबाडी उघडी पडली. त्याला पिलरीत, म्हणजे मान आणि हात अडकवून भर चौकात उभं करायच्या फळीत, उभा केला आणि तोच पाव, खुंटी आणि सुऱ्यांसकट, त्याच्या गळ्यात बांधला. शिवाय पुढच्या रविवारी सेंट मिल्ड्रेडच्याच चर्चमध्ये, मासच्या म्हणजे मुख्य प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या पॅरिशसमोर कबूल करायचं की मी जोहानावर खोटा आळ घेतला.

मला या शिक्षेचा शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो. ज्या लोकांत बाईचं नाव खराब झालं, त्याच लोकांसमोर ते धुऊन द्यायचं. पैशाची भरपाई मिळायचीही, पण त्या काळच्या कागदांत पुन्हा पुन्हा दिसतो तो हा आग्रह.

तर दारं तीन होती. गावाचं किंवा शहराचं कोर्ट, चर्चचं कोर्ट आणि राजाचं कोर्ट.

गावच्या जमीनदारी कोर्टात 'मला चोर म्हणाला' असे दावे सर्रास चालत. भरपाई काही पेन्सची, कधी शिलिंगांची. त्यात फार सांगण्यासारखं नाही.

चर्चचं दार १२२२ मध्ये चांगलं रुंद झालं. कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी ऑक्सफर्डला धर्मपरिषद भरवली. तिथे ठरलं की द्वेषापोटी, फायद्यासाठी किंवा कुणाची मर्जी राखायला जो दुसऱ्यावर गुन्ह्याचा आळ घेईल, तो धर्मबहिष्कृत. अट एवढीच की ज्याच्यावर आळ घेतला त्याचं नाव भल्या आणि वजनदार लोकांत आधीच खराब नसावं. नाव आधीच गेलेल्याला दाद नाही! ही अट वाचून मी जरा थांबलो होतो. दोषी ठरला की प्रायश्चित्त: अनवाणी, अंगावर पांढरी चादर, हातात मेणबत्ती आणि सर्वांदेखत माफी.

राजाच्या कोर्टात मात्र प्रकरण जिवावरचं. चोरी, खून, जाळपोळ यांचे आरोप तिथे दोन वाटांनी येत. पहिली वाट ११६६च्या क्लॅरेंडनच्या फर्मानाची. दर हंड्रेडमधले, म्हणजे साधारण आपल्या जुन्या महालाएवढ्या भागातले, बारा जण आणि प्रत्येक गावचे चौघे शपथेवर सांगत की आमच्याकडे अमक्यावर संशय आहे. दुसरी वाट म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्यानेच उभं राहून नाव घ्यायचं आणि अंगावर सिद्ध करायची तयारी दाखवायची. म्हणजे द्वंद्व. याला अपील म्हणत.

आता समजा, शेजाऱ्याने जुन्या भांडणाचा सूड म्हणून तुमच्यावर खुनाचं अपील टाकलं. तुम्ही तुरुंगात. तेव्हा एक रिट, म्हणजे राजाच्या कचेरीचा लेखी हुकूम, मागता येई. शेरीफने, म्हणजे राजाच्या जिल्हा अधिकाऱ्याने, बारा जणांना बोलावून विचारायचं: हे अपील खरं आहे, की निव्वळ द्वेष आणि आकस आहे? आकस ठरला, तर न्यायाधीश फेरीवर येईपर्यंत जामिनावर सुटका. हे रिट आधी राजाकडून विकत घ्यावं लागे. १२१५च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे सरदारांनी राजाकडून घेतलेल्या सनदेच्या, ३६व्या कलमाने ते फुकट केलं आणि नाकारायचं नाही असंही घातलं. मॅग्ना कार्टाचं ३९ (कायद्याशिवाय कैद नाही) आणि ४० (न्याय विकायचा नाही) सगळे घोकतात. तुरुंगात पिचत पडलेल्या माणसाच्या कामाचं ३६ होतं.

जाणकारांनी भर घालावी.

-----

टोच्या

पहिला! रुमाल टाकून ठेवतो, संध्याकाळी निवांत वाचेन.

पावात सुऱ्या खुपसून चोर शोधणारे आणि मंतरलेले तांदूळ चारून चोर शोधणारे एकाच कुळातले दिसतात. फक्त आमच्याकडे तांदूळ मंतरणाऱ्याच्या गळ्यात ते पोतं बांधायची सोय नाही.

-----

अण्णा सांगलीकर

लेख चांगला, पण मला पटलेला नाही. तुम्ही लंडनची बाई घेतलीत. शहरात कोर्ट हाकेच्या अंतरावर. खेड्यातल्या कुळाने काय करायचं? रिट फुकट म्हणता, पण ते आणायला राजाच्या कचेरीपर्यंत जायचं कुणी? हा स्वतः तुरुंगात, बायको शेतावर. आणि द्वंद्व म्हणजे ज्याचा दंड मोठा त्याचं खरं. याला दाद म्हणायचं?

-----

बखरवाचक

अण्णा, रास्त प्रश्न. द्वंद्व सगळ्यांवर लादता येत नसे. बायका, साठीच्या वरचे, अपंग आणि धर्मगुरू यांना सूट होती. १२१५ नंतर तर दिव्य करण्याचा, म्हणजे तापलेलं लोखंड किंवा पाणी यांच्या परीक्षेने खरंखोटं ठरवण्याचा, आधारही गेला, कारण रोमच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला बंदी केली आणि पाद्र्याशिवाय दिव्य कसलं? १२१९ मध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने न्यायाधीशांना कळवलं की आता दिव्य बंद, तुमचं तुम्ही बघा. त्यातूनच गावच्या बारा जणांच्या ज्यूरीने निकाल द्यायचा प्रघात पडला. आणि ज्यूरीतले लोक ओळखीपाळखीचे. कोण आकसाने बोलतंय हे त्यांना कुठल्याही शेरीफपेक्षा जास्त माहीत.

-----

अण्णा सांगलीकर

ओळखीपाळखीचे म्हणजे गावकीही आलीच की. गावकी ज्याच्या विरुद्ध, त्याचं काय?

-----

निशिगंधा

द्वंद्वाचा विषय निघालाच आहे तर विंचेस्टरची १४५६ची गोष्ट सांगते. लंडनच्या विल्यम ग्रेगरीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीत आहे. जेवता जेवता वाचू नये.

त्या काळी पकडलेला चोर गुन्हा कबूल करून साथीदारांची नावं सांगायला तयार झाला, तर त्याचा जीव तात्पुरता वाचे. आजच्या भाषेत माफीचा साक्षीदार, पण एक फरक: ज्याचं नाव घेतलं त्याने लढतो म्हटलं तर याला त्याच्याशी स्वतः लढावं लागे. थॉमस व्हाइटहॉर्न नावाचा असा एक चोर न्यू फॉरेस्टमध्ये सापडला. तो विंचेस्टरच्या तुरुंगात बसून नावं घेत राहिला, तीनेक वर्षं, आणि राजाकडून त्याला रोजचा दीड पेनी भत्ता चालू. म्हणजे जितकी नावं घेईल तितके दिवस जगेल. बखरकार स्पष्टच लिहितो की ज्यांना ना मित्र ना पैसा ते फासावर गेले, पैसेवाल्यांनी आपली सुटका करून घेतली. अण्णा, तुमच्या बाजूचा पुरावा आहे हा.

शेवटी त्याने जेम्स फिशर नावाच्या माणसाचं नाव घेतलं. हा मासेमारी आणि शिंपीकाम करणारा. फिशर म्हणाला, मी लढतो.

लढाईचे नियम ऐका. दोघांनी अंगावर पांढरं मेंढीचं कातडं घालायचं. हातात अॅश झाडाची हिरवी काठी, सालीसकट, तीन फुटी, टोकाला मेंढ्याच्या शिंगासारखा लोखंडी आकडा. दोघेही उपाशीपोटी. काठी मोडली तर दुसरी नाही, मग हात, नखं, दात.

व्हाइटहॉर्नची काठी मोडली. अधिकाऱ्यांनी फिशरचीही काढून घेतली. दोघे झोंबले, दम खायला थांबले, पुन्हा झोंबले. मग व्हाइटहॉर्नने फिशरला खाली पाडला आणि नको तिथे चावला. फिशर ओरडला, पण कसाबसा गुडघ्यांवर आला, व्हाइटहॉर्नचं नाक दातांत धरलं आणि अंगठा त्याच्या डोळ्यात घातला. तेव्हा व्हाइटहॉर्न दया मागू लागला. मी याच्यावर खोटा आळ घेतला आणि आणखी १८ जणांवरही, असं कबूल केलं. त्याला तिथेच फासावर चढवलं.

फिशरला मिळालं काय? सुटका. भरपाई शून्य. बखरीत लिहिलंय की तो नंतर संन्यासी होऊन राहिला आणि थोड्याच काळात वारला.

-----

टोच्या

वाचलं संध्याकाळी. जेवताना. ताई, इशारा पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत द्यायचा असतो हो.

-----

कोर्टकचेरी

वकिली पेशा असल्यामुळे राहवत नाही. धागाकर्त्यांनी मधला मोठा टप्पा सोडलाय. दाद म्हणजे केवळ सुटका नव्हे, आळ घेणाऱ्याला धडाही. तो १२८५ला आला.

एडवर्ड पहिला याच्या वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या कायद्याचं १२वं प्रकरण बघा. त्यात तक्रारच अशी नोंदवली आहे की लोक स्वतः पडद्याआड राहतात आणि ज्याच्याकडे दमडी नाही अशा भणंगाला पुढे करून खोटं अपील टाकायला लावतात. नंतर खोटं ठरलं तरी त्या भणंगाकडून वसूल काय करणार? म्हणून कायद्याने सांगितलं की आरोपी निर्दोष सुटला तर अपील टाकणाऱ्याला एक वर्ष कैद, वर आरोपीला नुकसानभरपाई. भरपाई ठरवताना त्याने भोगलेला तुरुंगवास आणि झालेली बदनामी दोन्ही धरायची. अपीलवाल्याकडे पैसे नसतील तर ज्यूरीने शोधायचं की याला फूस कुणी लावली, आणि वसुली त्या फूस लावणाऱ्याकडून.

सव्वासातशे वर्षांपूर्वीचं हे कलम आहे. बोलविता धनी शोधायची जबाबदारी कोर्टावर! आजही किती खटल्यांत हा प्रश्न विचारला जातो?

पुढे १२९३ आणि १३०५ची कटाविरुद्धची फर्मानं. १३०५ला तर व्याख्याच करून टाकली: जे शपथेने, कराराने किंवा अन्य प्रकारे एकमेकांशी बांधून घेतात की आपण मिळून अमक्याला खोट्या आरोपात गुंतवायचं, ते कटवाले. यावरून कटाचं रिट निघालं. अटी दोन. फिर्यादी आधी खटल्यातून निर्दोष सुटलेला हवा आणि कट करणारे किमान दोघे हवेत, कारण एकट्याचा कट होत नाही.

राजाच्या फिर्यादीवरून कटवाले दोषी ठरले तर शिक्षा जबर होती. पुन्हा कधी ज्यूरीत बसता येणार नाही की साक्ष देता येणार नाही, मालमत्ता जप्त, घरं जमीनदोस्त, झाडं मुळासकट उपटायची, आणि हे स्वतः तुरुंगात. बदनामाच्या शब्दाला यापुढे किंमत नाही, हे त्याच्या अंगणापासून दिसलं पाहिजे असा प्रकार.

-----

अण्णा सांगलीकर

वकीलसाहेब, दंडवत. पण त्या बारा जणांच्या पंचमंडळीने शपथेवर खोटं नाव दिलं असेल तर? त्यांच्यावर हे रिट चालायचं का?

-----

कोर्टकचेरी

नेमकं दुखणं पकडलंत. नाही चालायचं. शपथेवर नाव देणाऱ्या पंचांना कटाच्या दाव्यापासून संरक्षण मिळालं. कारण असं की नाहीतर कुणी गुन्हेगाराचं नाव द्यायला धजणारच नाही. त्यामुळे हुशार माणूस स्वतः अपील टाकायच्या फंदात पडत नसे. पंचांच्या कानाला लागायचं, नाव त्यांच्या तोंडून आणायचं, आपण नामानिराळं. अपीलवाल्याला १२८५चं कलम चिकटे, पंचांना नाही.

आणखी एक भोक. साक्षीदाराने कोर्टात धडधडीत खोटं सांगितलं तर राजाच्या कायद्यात त्याला सरळ शिक्षा नव्हती. खोटी शपथ हे पाप, म्हणून ते चर्चकडे. साक्षीदाराच्या खोट्या साक्षीविरुद्ध कायदा झाला १५६३ला, एलिझाबेथच्या काळात.

-----

मीनाक्षी लीड्सकर

मी यॉर्कशायरमध्ये राहते, म्हणून थोडं इकडचं. यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक संग्रहात तिथल्या आर्चबिशपच्या कोर्टाचे दावे ठेवले आहेत, १३०० ते १८५८ पर्यंतचे. त्यांची सूची ऑनलाइन शोधता येते, वेळ असेल तर जरूर बघा, एकदा शिरलं की दुपार जाते. बदनामीचे दावे ढिगाने आहेत, पण बरेचसे मध्ययुग संपल्यानंतरचे आणि त्यांत फिर्यादी बायका खूप.

याचं कारण मला उघड दिसतं. राजाच्या कोर्टात बाईला अपील करायलाच मोजकी परवानगी. मॅग्ना कार्टाचंच ५४वं कलम सांगतं की बाईच्या अपिलावरून कुणाला खुनासाठी धरायचं ते फक्त तिच्या नवऱ्याच्या खुनासाठी. बखरवाचक ३६ नंबरचं कौतुक करतात, ५४ कुणीच सांगत नाही. चर्चच्या कोर्टात मात्र तिचं नाव तिचं असायचं. कुणी बाजारात छिनाल म्हणालं तर ती स्वतः फिर्याद करू शकायची. पैसे नाही मिळाले तरी बोलणाऱ्याला सगळ्यांदेखत शब्द परत घ्यायला लावणं, तेही तिच्या चर्चमध्ये, याचं मोल आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगायला नको.

-----

हेमाडपंती

सगळे १२२२च्या ऑक्सफर्ड परिषदेला ओवाळताय म्हणून आठवण करून देतो. खोट्या आळाविरुद्ध ठराव करणाऱ्या त्याच परिषदेने ज्यूंनी छातीवर वेगळी खूण लावून फिरावं असंही ठरवलं.

आणि ज्यूंवरच्या आळांचं काय झालं? १२५५, इंग्लंडमधलं लिंकन शहर. ह्यू नावाचा मुलगा मेलेला सापडला. ज्यूंनी विधी म्हणून मारला, अशी आवई उठली. कोपिन नावाच्या ज्यू माणसाकडून जीवदानाच्या वचनावर कबुलीजबाब काढला आणि राजा तिसरा हेन्री स्वतः तिथे पोचल्यावर त्यालाच मारलं. नव्वदेक ज्यू लंडनला नेले. त्यांतल्या १८ जणांनी सगळ्या ख्रिस्ती ज्यूरीपुढे खटला चालवून घ्यायला नकार दिला, त्यांना फाशी. उरलेले पुढच्या वर्षी सुटले, तेही राजाचा भाऊ रिचर्ड मध्ये पडला म्हणून. कुठलं रिट आणि कुठली चादर-मेणबत्ती?

१२९०ला अख्ख्या समाजालाच देशाबाहेर काढलं. लिंकन कॅथीड्रलमध्ये ही गोष्ट खोटी होती असं सांगणारी पाटी लागली १९५५ साली. ऑक्सफर्डच्या परिषदेबद्दल माफीची प्रार्थनासभा झाली २०२२ला, आठशे वर्षांनी.

-----

अण्णा सांगलीकर

+१. मी हेच म्हणतोय मघापासून. गावकी विरुद्ध गेली की सगळी दारं बंद.

-----

बखरवाचक

हेमाडपंतांशी वाद नाही. ज्या ज्यूरीचं मी गुणगान केलं, तीच ज्यूरी त्या १८ जणांना फास वाटली आणि त्यांचा अंदाज बरोबर होता. दाद मागायला आधी त्या समाजात 'भला माणूस' म्हणून गणती लागते. १२२२च्या ठरावातली जी अट वाचून मी थांबलो होतो ती हीच.

पण अण्णा, जे गणतीत होते त्यांच्यासाठी गावकी उलट्या बाजूनेही चाले. लंडनच्या नागरिकावर खुनाचा आरोप आला तर त्याला ३६ जणांच्या शपथेवर सुटता येई: वॉलब्रुक ओढ्याच्या पूर्वेकडचे १८ आणि पश्चिमेकडचे १८. त्यांनी म्हणायचं की याची शपथ आम्ही खरी मानतो. खटल्याची भानगड नाही.

-----

टोच्या

३६? आमच्या सोसायटीत सर्वसाधारण सभेला कोरम भरत नाही. मी गेलोच फासावर.

-----

सुरंगी

अवांतर वाटेल, पण चॉसरचं प्रकरण इथे बसतं का? १३८०च्या एका कागदात सेसिली शॉम्पेन नावाच्या बाईने कवी चॉसरला एका आरोपातून मोकळं केल्याची नोंद आहे. १८७३ला तो कागद उजेडात आला तेव्हापासून त्यातल्या लॅटिन शब्दावरून चॉसरवर बलात्काराचा संशय. मग २०२२ला नवे कागद सापडले. सेसिली आधी थॉमस स्टॉन्डन नावाच्या माणसाकडे कामाला होती, ती चॉसरकडे गेली, आणि स्टॉन्डनने दोघांवर मजूर कायद्याखाली दावा लावला होता. म्हणजे चॉसर आणि सेसिली एकाच बाजूचे प्रतिवादी! दीडशे वर्षांचा खोटा आळ म्हणायचा का हा?

-----

मीनाक्षी लीड्सकर

सुरंगी, मी 'खोटा आळ' म्हणणार नाही. सेसिलीने बलात्काराचा आरोप केला होता असं या कागदांतून कुठेच निघत नाही. जो आरोप तिने केलाच नसावा तो तिच्या माथी 'खोटा' म्हणून मारू नका. संशय अभ्यासकांचा, निस्तरणंही अभ्यासकांचंच.

-----

सुरंगी

हे मान्य. मुद्दा मीनाक्षीताईंचा बरोबर आहे.

मग निर्विवाद खोट्या आळाचं उदाहरण घ्या, आणि बाईही मोठ्या घरची. लक्झेंबर्गची जॅकेटा, चौथ्या एडवर्डची सासू. १४६९च्या उन्हाळ्यात अर्ल ऑफ वॉरिकने बंड करून राजालाच ताब्यात घेतलं आणि जॅकेटाचा नवरा आणि एक मुलगा यांची मुंडकी उडवली. त्याच गडबडीत नॉर्थॅम्प्टनशायरचा थॉमस वेक एक शिशाची बाहुली घेऊन वॉरिककडे हजर. बोटभर लांब, शस्त्रधारी माणसाच्या आकाराची, मधोमध मोडलेली आणि तारेने बांधलेली. म्हणे जॅकेटाने चेटूक करायला बनवली.

नवरा आणि मुलगा नुकतेच गमावलेली बाई, राजा शत्रूच्या हातात, आणि चेटकाचा आरोप. तिने काय केलं? लंडनच्या मेयर आणि आल्डरमन मंडळींना पत्र घातलं. १४६१ला एडवर्डच्या विरोधी बाजूच्या राणी मार्गारेटचं सैन्य लंडनच्या वेशीशी आलं होतं तेव्हा शहर वाचवायला बोलणी करायला गेलेल्या बायकांत मी होते, याची आठवण करून दिली. शहराने तिची बाजू पुढे पोचवली.

राजा सुटला, आणि जानेवारी १४७० मध्ये त्याच्या कौन्सिलसमोर चौकशी लागली. वेकने ज्याच्या नावावर ही बाहुली खपवली तो स्टोक ब्रुअर्न गावच्या चर्चचा कारकून जॉन डॉन्जर. त्याने सांगितलं की बाहुली गावात सैनिक निघून गेल्यावर एका घरात सापडली होती. राजा आणि राणीच्या आणखी दोन बाहुल्या होत्या असं सांग, असा आग्रह वेकने केला, पण मी नाही म्हणालो. एका खेड्यातला कारकून, समोर वेकसारखा माजी शेरीफ, आणि तो नाही म्हणाला. मला या सगळ्या प्रकरणात तोच माणूस आवडतो.

जॅकेटा निर्दोष ठरली. इथे तिची हुशारी बघा: तोंडी निकालावर ती थांबली नाही. सगळी चौकशी, साक्षी आणि निकाल सरकारी दप्तरात उतरवून घेऊन त्याची अधिकृत प्रत मागितली. म्हणूनच आज आपल्याला शिशाची बाहुली बोटभर होती हे कळतं.

-----

कोर्टकचेरी

दाखला घेऊन ठेवणारी अशील! अशी मिळत नाही हो.

थोडं आपल्याकडचं. कटाचं ते रिट पुढे बदलत बदलत खोडसाळ फिर्यादीच्या नुकसानभरपाईचा दावा झालं आणि इंग्रजी कायद्याबरोबर हिंदुस्थानात आलं. आजही आमच्या दिवाणी कोर्टात असा दावा लावायचा तर पहिली अट तीच: मूळ फौजदारी खटला तुमच्या बाजूने संपलेला हवा. शिवाय प्रतिवादीने सबळ कारण नसताना आणि आकसाने फिर्याद केली हे तुम्हीच सिद्ध करायचं. फौजदारी बाजूला भारतीय दंड संहितेचं २११ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं २४८. अशिलाला हे सगळं समजावून सांगितलं की दहातले नऊ म्हणतात, साहेब, सुटलो तेवढं पुरे.

-----

हेमाडपंती

आपल्याकडे मराठा काळात गोतसभेपुढे रवा दिव्य वगैरे होतंच, त्यावर माझ्याकडे साहित्य आहे. पण ते इथे घुसडत नाही, वेगळा धागा काढतो.

-----

टोच्या

काढा काढा, जेवून येतो.

जाता जाता: ते द्वंद्वाचं अपील बंद कधी झालं?

-----

कोर्टकचेरी

हसू नका. १८१९ला. मेरी अॅशफर्डच्या खुनातून अब्राहम थॉर्नटन १८१७ला निर्दोष सुटला. तिच्या भावाने जुनं अपील उकरून काढलं आणि थॉर्नटनने कोर्टात हातमोजा फेकून द्वंद्व मागितलं. न्यायाधीशांनी पुस्तकं चाळली, कायदा अजून जिवंत होता. भाऊ लढला नाही, थॉर्नटन सुटला, आणि पुढच्या वर्षी पार्लमेंटने अपील आणि द्वंद्व दोन्ही मोडीत काढले. तेव्हा पेशवाई बुडून वर्ष झालं होतं, यावरून काळाचा अंदाज घ्या.

-----

अण्णा सांगलीकर

सुरंगीताई, एक शंका. जॅकेटाने एवढा कागद करून घेतला, तो पुढे उपयोगी पडला का?

-----

सुरंगी

अण्णा, तिला पडला. १४७२ला वारेपर्यंत कुणी पुन्हा तो विषय काढला नाही. पण १४८४ला तिसऱ्या रिचर्डच्या पार्लमेंटने तिच्या मुलीचं एडवर्डशी झालेलं लग्न रद्दबातल ठरवलं, आणि त्या कायद्यात राणी आणि तिची आई यांनी चेटूक करून ते लग्न लावलं असं घातलं. चौदा वर्षांपूर्वीचा निकाल दप्तरात होता, कुणी उघडून बघितला नाही. पुढे सातवा हेन्री गादीवर आला आणि त्याला त्याच राणीच्या मुलीशी लग्न करायचं होतं. त्यामुळे तो कायदा वाचूनही न दाखवता रद्द केला आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम काढला. तरी एक राहिलीच. आता दोन्ही कागद छापील मिळतात, आळाचाही आणि निकालाचाही.